चार दिसांचं पावणं

माझं लग्न होऊन मी निपाणीला आले, त्याच वर्षी आमच्या घरी शर्यतीचा घोडा आला. मला बघायला मामंजी स्वतः आले नव्हते, धाकट्या भावाला पाठवलं होतं. घोडा बघायला मात्र ते दोनदा बेळगावला जाऊन आले. मला चालून दाखवायला लावलं होतं, त्यालाही लावलं. त्याचे दात तपासले, माझे तपासले नाहीत, एवढाच काय तो फरक. मी खाली मान घालून, माप ओलांडून मुकाट आत गेले. तो आला तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तबक घेऊन ओवाळायला पुढे झाल्या. त्यानं तबकातली विड्याची पानं खाल्ली, खोबऱ्याची वाटी खाल्ली आणि एक फुंकर मारून निरांजन विझवलं. आत्याबाई त्याला काही बोलल्या नाहीत. माझा मात्र त्याच आठवड्यात भात जरा मऊ झाला होता, त्यावर त्या पुष्कळ बोलल्या.

मामंजींची तंबाखूची वखार होती आणि पैसा चांगला होता. पैसा झाला की माणसाला मान हवासा वाटतो, आणि त्या काळात मान बेळगावच्या कॅम्पात मिळायचा. कॅम्पात गोऱ्या साहेबांच्या घोड्यांच्या शर्यती व्हायच्या. तंबाखू कितीही विकली तरी साहेब उठून हात मिळवत नाही, पण घोडा पळवला तर मिळवतो, असं मामंजींना कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून हा घोडा. दारात गाव गोळा झालं तेव्हा आत्याबाईंच्या चेहऱ्याकडे बघत मामंजी म्हणाले, "चार दिसांचं पावणं हाय. एक शर्यत जितली की इकून टाकतो."

तेव्हापासून घरात त्यांना पावणं म्हणू लागले. कागदावर त्यांचं लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण ते पुरं म्हणेपर्यंत मामंजींच्या तोंडातल्या पानाचा रस ओघळायचा. त्यांच्याविषयी एकेरीत बोलायची घरात चाल नव्हती. जावयाला अहो, पावण्यांना अहो, आणि सुनांना ए. त्यामुळे आता इतक्या वर्षांनीही मला त्यांच्याविषयी 'तो पळाला' असं म्हणवत नाही. पावणे पळाले, असंच तोंडात येतं. अर्थात पळाले तेव्हा.

ते अस्सल विलायती रक्ताचे होते. आई कोण, बाप कोण, बापाचा बाप कोण, सगळं छापील. आल्यागेल्याला मामंजी ती वंशावळ म्हणून दाखवायचे. एकदा सत्यनारायणाला भटजींनी मामंजींच्या पणजोबांचं नाव विचारलं तर ते त्यांना आठवेना, आणि चुकून पावण्यांच्या पणजोबांचं तोंडात आलं. भटजी बिचारे निपाणीचेच. त्यांनी तेही संस्कृतात बसवून घेतलं.

पावणे खच्ची केलेले होते. घोडा फार तापट असला की साहेब लोक तसं करतात म्हणे, म्हणजे तो शांत होतो. पावण्यांच्या बाबतीत हा उपाय लागू पडला नव्हता. पहिल्या मालकानं, कॅम्पातल्या कुणा कप्तानानं, त्यांना विकलं त्याचं कारण टोपी. कप्तानाची मडम टोपीवर द्राक्षांचा घड खोवून तबेल्यात आली. पावण्यांनी घड खाल्ला, तो कापडाचा निघाला. या फसवणुकीनंतर जगातल्या कुठल्याही टोपीवर त्यांचा विश्वास राहिला नाही. काळी असो, पांढरी असो, खादीची असो, डोक्यावर टोपी दिसली की ते ती ओढून काढायचे, तपासायचे आणि थुंकून टाकायचे. पुढे टोप्यांचं राजकारण सुरू झालं तेव्हा आमच्या दारात सगळ्याच बाजूंची माणसं बोडक्यानं येत. मामंजींचा फेटा मात्र त्यांनी कधी ओढला नाही.

बाकीचे स्वभाव सांगायचे तर पाणी तांब्याच्या घागरीतलंच लागे. लोखंडी बादली पुढे केली की तिच्यात पाय घालून उभे राहत. छत्री खपत नसे. कुणी मुद्दाम बघायला आलं की पाठ फिरवत, मग तो मामलेदार असो की कलेक्टर. कलेक्टरसाहेब आले होते ते सबंध वेळ त्यांचं शेपूट बघून, फार उत्तम जनावर आहे, असं सांगून गेले.

त्यांच्याबरोबर बाबालाल नावाचा मोतद्दार आला होता, म्हणजे त्यांची खाण्यापिण्याची, खरऱ्याची सगळी व्यवस्था बघणारा. हा गोकाककडचा. तो पावण्यांशी कानडीत बोलायचा, आमच्याशी मराठीत आणि देवाशी हिंदीत. पावणे साहेबाकडचे म्हणून त्यांना इंग्रजीच कळत असणार, असं मामंजींचं मत. त्यांनी त्यासाठी 'गो' आणि 'स्टॉप' हे दोन शब्द शिकून घेतले. बाबालाल 'निल्लु' म्हणाला तरी ते थांबायचे नाहीत, मामंजी 'स्टॉप' म्हणाले तरी थांबायचे नाहीत आणि आत्याबाई 'थांब की रं' म्हणाल्या तरी थांबायचे नाहीत. तिन्ही भाषा त्यांना उत्तम कळत होत्या, हे माझं मत.

आता शर्यतीचं सांगते. पावसाळा सरला की बाबालाल त्यांना पायी पायी कॅम्पात नेई. तिथं तबेला भाड्यानं घेतला होता. सकाळी हिंडलग्याच्या रस्त्यानं फेरफटका, दुपारी झोप, संध्याकाळी चणे. शर्यतीच्या दिवशी घोड्यांपुढे आडवी फीत धरत, ती वर उडाली की पळायचं. बाकीचे घोडे फीत उडायच्या आधीपासून थयथयाट करीत. पावणे शांत उभे असत. फीत उडाली, सगळे सुटले, तरी पावणे उभेच. गर्दी पांगली की ते निघत. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, दर शर्यतीला हजर असत. ते सांगत की पावणे एकदा निघाले की बघणाऱ्याचा श्वास अडकायचा. अर्ध्या मैदानात ते सगळ्यांना गाठत, वळणावर सगळ्यांना मागं टाकत, आणि शेवटच्या खांबाच्या अलीकडे येऊन उभे राहत. पळून पळून, जिंकायला चार ढांगा उरल्या की उभे. मग बाकीचे घोडे येऊन पुढे निघून जात आणि पावणे कुंपणावरून मान काढून लोकांच्यात बघत बसत. जॉकी पाठीवरून शिव्या देत असे, पण तो पुण्याचा होता, त्याच्या शिव्या पावण्यांना लागत नसत.

याचं कारण सगळ्या कॅम्पाला ठाऊक होतं. फक्त मामंजींना नव्हतं. कारण ते कारण म्हणजे स्वतः मामंजीच होते.

झालं होतं असं. मामंजींच्या कोटाच्या खिशात कायम गुळाचा खडा असे. घरी असताना रोज उजाडता ते तबेल्यात जात, पावण्यांच्या कपाळावर हात ठेवत आणि गूळ चारत. घरातल्या कुठल्याही माणसाच्या कपाळावर त्यांनी असा हात ठेवल्याचं मी पाहिलं नाही. शर्यतीच्या दिवशी मामंजी उभे राहत ते बरोबर शेवटच्या खांबापाशी, कारण जिंकणारा तिथून दिसतो. पावणे जीव खाऊन पळत येत, खांबापाशी त्यांना ओळखीचा फेटा दिसे, आणि शर्यत कशासाठी चालली आहे ते विसरून ते गुळासाठी थांबत. मामंजी कुंपणापलीकडून ओरडत, 'गो, गो', आणि हात खिशाशी जाई. सवयच ती.

बाबालालनं एकदा सांगायचा प्रयत्न केला. मालक, तुम्ही जरा लांब थांबला तर, एवढंच म्हणाला. मामंजी चिडले. माझं जनावर मला बघून पळायचं थांबतंय म्हणतोस, म्हणाले. त्यानंतर कुणी विषय काढला नाही. आमच्या घरात खरं बोलायचा मान बाबालालला मिळाला तेवढा पुरे, असं सगळ्यांनी ठरवलं.

पावणे जिंकले नाहीत असं मात्र नाही. मामंजी संकेश्वरच्या बाजाराला गेले होते तेव्हा जिंकले. मामंजींना हिवताप आला होता तेव्हा जिंकले. मामंजी भावकीतल्या मयताला गेले होते तेव्हा तर दोनदा जिंकले. मामंजी मैदानात असताना मात्र कधी नाही.

आणि मामंजींना पैशाच्या बक्षिसाचं काही नव्हतं. त्यांना एकच गोष्ट हवी होती. जिंकलेल्या घोड्याचा लगाम मालकानं स्वतः धरायचा आणि त्याला साहेबांच्या तंबूपुढून चालवत न्यायचं, अशी तिथली रीत होती. साहेब उठून उभे राहतात, मडमा टाळ्या वाजवतात. एकदा आपण फेटा बांधून पावण्यांना असं न्यायचं, यासाठी त्यांनी खडेबाजारातून लांब कोट शिवून आणला होता. तो कोट घालून ते दुपारी परड्यात सराव करीत. पावणे सरावाला येत नसत, म्हणून म्हशीचं दावं धरत. मान ताठ, डावा हात कमरेवर, उजव्या हातात दावं, आणि मागून आमची म्हैस रवंथ करत. आम्ही सुना स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघून तोंडात पदर कोंबायचो. म्हैस पुढेपुढे इतकी तयार झाली की कोट दिसला की आपणहून उठायची.

एका वर्षी हंगामातली मोठी शर्यत होती. आमच्या ह्यांनी कसं कोण जाणे, मामंजींचं मन वळवलं. पावण्यांना दिसायचं नाही, एवढंच. एका जोशानंही तसंच सांगितलं होतं, आणि जोशाला तसं सांगायला ह्यांनी सांगितलं होतं. मामंजी घोंगडं पांघरून, फेटा सोडून, मैदानाबाहेरच्या आंब्याच्या झाडामागं बसले. पावणे वळणावरून आले ते सगळ्यांच्या पुढे. खांब जवळ आला. तंबूतले साहेब उठायला लागले. वारा मात्र झाडाकडून मैदानाकडे होता. पावण्यांनी एकदा नाक वर केलं, दिशा बदलली, कुंपणावरून उडी मारली, चहाचं एक टेबल आणि बँडवाल्याचा ढोल पार केला, आणि झाडामागं जाऊन घोंगड्यात तोंड खुपसलं. जॉकी चहाच्या टेबलापाशीच उतरला होता. मामंजींनी गूळ दिला. दुसरं काय करणार?

त्या दिवशी त्यांना कळलं. घरी आले, कोट काढला, खुंटीला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे गूळ घेऊन निघाले तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, गूळ बंद करा, म्हणजे जिंकेल. मामंजी दारात थांबले. मग म्हणाले, तेवढ्यासाठी गूळ कशाला बंद करायचा? आणि गेले. तोवर मी त्यांना हसत आले होते. त्या दिवसापासून मला ते आवडायला लागले.

चार दिवसांचे पावणे असे दहा-अकरा हंगाम पळाले. त्यांच्याबरोबर पळणारे घोडे पाय मोडून गेले, म्हातारे होऊन गेले. कप्तान बदलले, कलेक्टर बदलले, जॉकी तर किती बदलले त्याला हिशेब नाही. नवा साहेब आला की विचारी, हा अजून आहे? माझी मुलं शाळेत जाऊ लागली, मी सून होते ती जाऊबाई झाले, मोठी जाऊबाई झाले. पावणे फितीपुढे तसेच शांत उभे. शेवटी शेवटी लोक जिंकणारा घोडा बघायला येत नसत, पावणे आज कुठं थांबतात ते बघायला येत.

मग एका उन्हाळ्यात बाबालाल त्यांना घेऊन आला तो फार हळू. पुढचा उजवा पाय सुजला होता आणि खोकला येत होता. मामंजींनी बेळगावहून घोड्यांचा गोरा डॉक्टर बोलावला. तरुण पोरगा होता, नुकता विलायतेहून आलेला, वागायला नम्र. पावण्यांनी त्याची टोपी काढली, ती त्यानं हसून उचलून घेतली. पाय बघितला, छाती ऐकली. मग ओसरीवर बसून त्यानं ह्यांना इंग्रजीत सांगितलं आणि ह्यांनी मामंजींना मराठीत. पाय आता सुधारणार नाही. महिना काढला तरी पुष्कळ. असा घोडा टांगेवाल्याला विकणं हे हलक्या माणसाचं काम. खरा जंटलमन अशा वेळी आपल्या घोड्याला गोळी घालतो. डॉक्टर दौऱ्यावरून परत येताना बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी येईल आणि स्वतः ते काम करील, मालकाला काही बघावं लागणार नाही.

'जंटलमन' हा शब्द ह्यांनी मराठीत न करता तसाच ठेवला, आणि तिथंच घात झाला. आयुष्यभरात मामंजींना तो शब्द कुणी लावला नव्हता. साहेबाची खुर्ची, साहेबाचा कोट, साहेबाचं बिस्कूट, सगळं त्यांनी करून पाहिलं होतं, आता साहेबाची गोळीच तेवढी राहिली होती. ते मान हलवून 'येस' म्हणाले. डॉक्टरनं उठून त्यांचा हात हातात घेतला. इतकी वर्षं ज्यासाठी घोडा पाळला तो हात शेवटी असा मिळाला.

आत्याबाई मधल्या दारात उभ्या होत्या. डॉक्टरची गाडी गेल्यावर त्या बाहेर आल्या.

"पाय दुखतोय म्हनून गोळी घालत्यात व्हय?" त्या म्हणाल्या. "गुडघा तर तुमचाबी दुखतोय. दाक्तरला दोगास्नीबी बगाय सांगायचं हुतं."

मामंजी खोलीत गेले आणि त्या दिवसापासून तबेल्याकडे फिरकेनासे झाले. ज्याला मारायचं ठरवलं त्याला गूळ कुठल्या तोंडानं चारायचा? सकाळी पावणे दाराकडे मान करून उभे राहत. ऊन वर आलं की मान वळवत. बाबालालनं दिलेला गूळ त्यांनी हुंगून खाली टाकला. बाबालाल माझ्याकडे येऊन म्हणाला, "वैनी, मालकांनी एकडाव नुस्तं येऊन जावं. गोळीचं ऱ्हाऊ दे, हे असं वाट बघूनच मरतंय." मी मामंजींना जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि पंचा डोक्यावरून ओढून भिंतीकडे तोंड केलं.

आमच्याकडे बेंदूर ज्येष्ठी पौर्णिमेला असतो, कर्नाटकी बेंदूर. महाराष्ट्रातले लोक बैलांचा सण नंतर करतात. निपाणीपासून कोसावर आमचं मूळ गाव, तिथं आमची शेती आणि बैल. बेंदराला सगळं घर गावी जायचं. बैलांना धुवायचं, शिंगं रंगवायची, पुरणपोळी चारायची, आणि दिवस कलायच्या आधी कर तोडायची. कर म्हणजे गावच्या वेशीत आडवा बांधलेला, कडुलिंबाच्या डहाळ्या लावलेला दोर. मारुतीच्या देवळापासून बैल सोडायचे, हलगी कडाडायची, आणि जो बैल पहिला येऊन छातीनं तो दोर तोडील त्याचा मान. पांढरा बैल आला तर त्या साली ज्वारी चांगली, तांबडा आला तर मिरची. आणि आमच्या गावची रीत अशी की ज्यानं कर तोडली त्या जनावराला पुढच्या बेंदरापर्यंत जुंपायचं नाही, विकायचं नाही, मारायचं तर नाहीच. ते गावाचं झालं. मालकालाही हात लावता येत नाही.

आत्याबाईंनी हुकूम सोडला, पावण्यांचा शेवटचा सण आहे, तेही येतील. इतकी वर्षं दारात खाल्लं, बैलासारखी त्यांचीही पूजा होईल. बाबालालनं त्यांना हळूहळू चालवत गावी आणलं. शिंगं नव्हती, म्हणून कपाळाला हिंगूळ लावला, पाठीवर हळदीच्या पंजांचे छाप उठवले, गळ्यात घुंगरमाळ घातली. त्यांनी सगळं करून घेतलं. पोळी पुढे केली तर एकदा वास घेतला आणि तोंड फिरवलं.

मामंजींना वेशीत उभं राहावंच लागे. गावातलं मोठं घर आमचं, करीच्या दोराजवळचा मान आमचा. यायला ते तयार नव्हते. आत्याबाईंनी स्वतः खडेबाजारचा तो लांब कोट पेटीतून काढला, झटकला आणि त्यांच्या अंगावर चढवला. मी वेशीजवळच्या घराच्या माडीवर बायकांच्यात उभी होते. तिथून मारुतीचं देऊळही दिसत होतं. एवढ्या बैलांच्या मागं, अगदी शेवटी, बाबालाल पावण्यांना धरून उभा होता, नुसती मिरवणुकीची शोभा म्हणून.

हलगी वाजली. बैल सुटले. धूळ उठली. पावणे जागच्या जागी उभे. ते तर त्यांचं नेहमीचंच होतं, आणि त्यांना पळवायचं कुणाच्या मनातही नव्हतं. मग वारा आला की धूळ खाली बसली, मला सांगता येत नाही, पण पावण्यांची मान एकदम वर झाली. वेशीत, दोराच्या पलीकडे, लांब कोट आणि फेटा उभा होता. किती दिवसांनी दिसला होता. बाबालालनं नुसता हात सोडला. ओढून सुटले की यानं सोडले, यावर पुढं पुष्कळ चर्चा झाली.

मी त्यांची एकही शर्यत पाहिली नव्हती. बायकांनी कॅम्पात जायचं नसे. हे जे सांगत त्यावर मी हसायची. त्या दिवशी पाहिली. पाय लंगडत होता, खोकल्यानं छाती भरत होती, घुंगरं वाजत होती, आणि तो म्हातारा घोडा बैलांच्या मधून वाट काढत असा आला की माझ्या शेजारची पाटलीण बोलता बोलता गप्प झाली. शेवटचा खोंड मागं पडला. दोर चार ढांगांवर आला, आणि पावणे थांबले.

थांबणारच. मामंजी समोर होते. दोघांच्या मध्ये दोर. पावण्यांनी दोरावरून मान लांब केली. मामंजींचा हात सवयीनं खिशाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. त्यांनी कित्येक दिवसांत खिशात गूळ घातला नव्हता. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. मागून बैल येत होते, लोक ओरडत होते, आणि ते दोघं एकमेकांकडे बघत उभे. मग मामंजींनी हात खिशात घातलाच, आणि त्यांच्या हाताला खडा लागला. मी माडीवरून खाली वेशीच्या कडेला उभ्या असलेल्या आत्याबाईंकडे बघितलं. त्या डोक्यावरचा पदर सारखा करत होत्या.

मामंजींनी गूळ बाहेर काढला, पण पुढं केला नाही. एक पाऊल मागं घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मागं घेतलं. पावण्यांनी दोराकडे बघितलं, मामंजींकडे बघितलं आणि छाती लावली. दोर तटकन तुटला. डहाळ्या अंगावर घेऊन ते पलीकडे गेले आणि मामंजींच्या तळहातावर तोंड ठेवलं.

मग अर्थातच भांडण झालं. ज्यांचे बैल पहिले यायचे होते ते चिडले. बेंदूर बैलांचा, त्यात घोडा कसा? कुणी म्हणालं, खच्ची केलेलं जनावर म्हणजे बैलच. कुणी म्हणालं, शिंगं दाखवा. कुणी म्हणालं, हे साहेबाचं जनावर, ह्याला कर लागू नाही. गावचे म्हातारे पाटील ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, "दोर तुटला न्हवं? मग झालं. कुनी तोडला ते पाऊस इचारत न्हाय." मग त्यांनी पावण्यांच्या अंगाकडे नीट बघितलं. वाळलेल्या पानासारखा तपकिरी रंग. "औंदा तंबाखू चांगली," पाटील म्हणाले. आमच्या गावात तंबाखू न लावणारा एकही माणूस नव्हता. भांडण तिथंच संपलं.

हलगीवाले पुढे झाले. कुणीतरी पावण्यांचा लगाम मामंजींच्या हातात दिला. मामंजींनी मान ताठ केली, डावा हात कमरेवर ठेवला आणि चालायला लागले. कॅम्प नव्हता, तंबू नव्हता, मडमा नव्हत्या. दोन्ही बाजूंनी गाव उभं होतं आणि बायका माडीवरून गुलाल टाकत होत्या. लगाम धरणारा लंगडत होता आणि मागून येणाराही लंगडत होता. म्हशीबरोबर केलेला सराव वाया गेला नाही. मी या खेपेला तोंडात पदर कोंबला तो हसू आवरायला नव्हे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर पिस्तूल घेऊन आला. ह्यांनी त्याला कर, बेंदूर, तंबाखू सगळं इंग्रजीत समजावून सांगितलं. त्याला त्यातलं काही कळलं असं वाटलं नाही. घोडा महिनाभरात जाईलच, असं म्हणून तो पुरणपोळी जेवून गेला. पुढच्या बेंदराला मामंजी दोन्ही खिशांत गूळ घालून उजाडल्यापासून वेशीत उभे. त्याच्या पुढच्या वर्षीही. शेवटी बैलवाल्यांनी तडजोड केली. सकाळी पावण्यांसाठी एक वेगळा दोर बांधायचा, गुडघ्याएवढ्या उंचीवर, कच्च्या सुताचा. तो तुटला की त्यांना वर्षभराचं अभय, आणि मग दुपारी बैलांची खरी कर.

साहेब लोक देश सोडून निघाले त्या वर्षीची गोष्ट. एक मोटार बेळगावकडून पुण्याच्या रस्त्यानं जाता जाता आमच्या दारात थांबली. तोच डॉक्टर, आता डोक्यावरचे केस पिकलेला. मामंजींना उठवत नव्हतं, ते अंगणात खुर्चीत बसले होते. शेजारी पावणे उभे होते, पाठीचा कणा बाहेर आलेला, एका डोळ्यानं न दिसणारे. डॉक्टरनं त्यांच्याकडे बघितलं, पुन्हा बघितलं, आणि ह्यांना विचारलं, हा तोच? हा अजून इथं कसा?

मामंजींनी पावण्यांच्या कपाळावर हात ठेवला.

"साहेबाला सांग," ते ह्यांना म्हणाले, "चार दिसांचं पावणं हाय. जाईल आपल्या सवडीनं. घाई साहेबास्नीच दिसतीया."

ह्यांनी त्याचं इंग्रजी केलं. डॉक्टर पुढं झाला आणि पावण्यांना अखेरचा मान म्हणून त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. पावण्यांनी ती घेतली. तपासली, आणि या वेळी थुंकली नाही, सावकाश चावत राहिली. साहेब पुण्याकडे बोडक्यानं गेले.